उसवण

१

रोज सकाळी चहा झाला की मी बायकोच्या पाठीला मलम लावत असे. तिच्या कंबरेने संप पुकारल्याला बराच काळ लोटला होता आणि ही कामगिरी आपसूकच माझ्याकडे आली होती. ती खिडकीजवळच्या पलंगावर पालथी पडायची, मी गाऊनच्या मागच्या गुंड्या सोडायचो, मलम चोळायला लागायचो, आणि ती उशीत तोंड खुपसून सूचना द्यायची.

"जरा खाली. अहो, खाली म्हणजे खाली. जन्मभर माणसं चिरलीत आणि कंबर कुठे असते ठाऊक नाही?"

"माझी माणसं सूचना देत नव्हती," मी म्हणायचो.

हा विनोद आमच्यात जुनाच. मी न्यायवैद्यकाचा प्राध्यापक होतो. माणूस मेल्यावर त्याच्या शरीरात कोणता बदल कधी होतो आणि त्यावरून तो केव्हा व कसा मेला असेल, हे सांगायचं. आयुष्यभर एवढंच केलं आणि एवढंच शिकवलं. जिवंत माणसाला औषध दिल्याचं मला आठवत नाही. शेजारपाजारचं कुणी डोकं दुखतंय म्हणून विचारायला आलं, तर बायको दारातूनच सांगायची, "यांच्याकडे नको. हे फार उशिरा बघतात."

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी मलम लावून झाल्यावर ती कुशीवर वळली, गाऊन सरकला, आणि पोटाच्या उजव्या अंगाला, अगदी खाली, मला हिरवट डाग दिसला. तळहाताएवढा. कडा पुसट.

मलम पांढरं होतं. चादर पांढरी होती. गाऊन निळा.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

"कुठे?" तिने मान वाकवून पाहायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तुमच्या मोतीबिंदूला लागलं असेल काहीतरी. झाका आता, गारठा आहे."

मी झाकलं. पण मोतीबिंदू काढून मला दोन हिवाळे झाले होते. आणि खोलीत एक वासही होता. गोडसर, जड, घशाच्या मागे बसणारा. मी कपाट ओढून मागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. उंदीर मेला असावा अशी माझी फार इच्छा होती. उंदीर नव्हता.

पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा मी सांगत असे की शरीर कुजायला लागतं तेव्हा रंग पहिल्यांदा तिथेच बदलतो. पोटावर, उजवीकडे, खाली. हिरवट.

२

दुसऱ्या दिवशी डाग नव्हता.

वासही नव्हता. मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची भीती वाटली. डोळे आणि नाक एकाच दिवशी फसतात तेव्हा संशय डोक्यावर घ्यावा, असं मीच दुसऱ्यांना सांगितलं असतं. माझ्या वयाला डोकं कसं पोखरलं जातं ते मी हातात धरून पाहिलेलं आहे. मी मनातल्या मनात आमच्या तुकडीतल्या मित्रांची नावं आठवून पाहिली. बहुतेक आठवली.

मलम लावून मी हात धुऊन आलो. नळाचं पाणी बोचत होतं. मी आलो तशी तिने माझा डावा हात ओढला आणि आपल्या गळ्याशी, हनुवटीखाली धरला.

हेही जुनंच. मी शवागारातून घरी यायचो तेव्हा माझे हात हमखास गार असायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली होती, "इकडे आणा ते हात, इथे शेगडी आहे," आणि ते तिच्या मानेवर ठेवले होते. जिथे इतर बायका किळस करतील तिथे तिने शेगडी काढली. तेव्हापासून डावाच हात, कारण मी डावखुरा आणि जास्त गारठायचा तो तोच.

त्या सकाळी तिची मान माझ्या हातापेक्षा गार होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "आज तुमचे हात इतके गरम कसे?"

मी हसलो असेन. हात काढून घेतला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीला लावला, मग पुन्हा तिच्या दंडाला. दोन्हींत फरक नव्हता. घरातली तापमापी तिच्या काखेत ठेवली. पारा हललाच नाही. तापमापी खराब झाली असणार; कितीतरी वर्षांत वापरली नव्हती. मी ती स्वतःच्या काखेत लावून पाहिली नाही. का नाही, हे मला विचारू नका. नाडीही पाहिली नाही. माझ्या कामात नाडी पाहायची वेळ कधी आली नव्हती, आणि आता ती आणायचा धीर होत नव्हता.

दुपारी ती उठायला गेली तर पाय वाकेनात. घोट्यापासून मांडीपर्यंत लाकूड. मी गुडघा दोन्ही हातांनी धरून वाकवायचा प्रयत्न केला. तो प्रतिकार मला ओळखीचा होता. सांध्याचं दुखणं असतं तेव्हा माणूस कळवळतो. ती कळवळत नव्हती. छताकडे बघत पडली होती आणि सांगत होती की गॅसवर दूध आहे, ते उतू जाईल.

३

आमचा डॉक्टर आला. माझाच विद्यार्थी, माझा विषय घेतला होता, पण लवकर शहाणा झाला आणि जिवंत माणसांकडे वळला. त्याने तिचे पाय पाहिले, माझ्याकडे पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या.

"थंडी आहे सर. या वयात सांधे धरतातच."

"आणि अंग इतकं गार?"

"तुम्ही खिडकी उघडी ठेवता ना?"

"तुला दुसरं काही वाटत नाही?"

"मला वाटतं तुम्हाला झोप हवीये," तो म्हणाला, आणि माझ्या नावानेही एक गोळी लिहिली.

मग ताठरपणा वर चढला. हात आखडले, मान आखडली. एका सकाळी जबडा उघडेना. तिने दातांच्या फटीतून चहा ओढून घेतला आणि त्याच फटीतून म्हणाली, "आता तुमचं सुख. घरात शांतता." तिच्या बुबुळांवर साय धरल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, चष्मा पुसायला हवा. चष्मा तिने घातलेलाच नव्हता.

मी गाऊनच्या गुंड्या सोडल्या. पाठभर जांभळट लाल रंग पसरला होता; फक्त खांद्यांच्या हाडांवर, जिथे शरीर गादीला टेकतं, तिथे दोन पांढरे ठिपके होते. हृदय थांबलं की रक्त खाली साठतं आणि असे डाग पडतात. ते किती जुने आहेत हे कळायला आम्ही अंगठ्याने दाबून पाहतो. दाबल्यावर जागा पांढरी झाली तर डाग ताजे. झाली नाही तर रक्त तिथे बसून गेलेलं, जुनं.

मी अंगठा दाबला. उचलला. रंग तसाच.

पुन्हा दाबला, जोरात.

"बाबा, काय करताय?"

मुलगी दारात उभी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिच्याकडे किल्ली असते. तिने पिशवी खाली ठेवली नाही.

"मलम लावतोय."

"मलम असं लावतात?" ती जवळ आली, आईचा गाऊन तिने नीट केला. "आई, दुखवतायत का हे तुला?"

"छे गं," बायको फटीतून म्हणाली. "मला काही कळतसुद्धा नाही."

मुलीने माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तुला तिची पाठ लाल दिसली का?" मी विचारलं.

"तुम्ही चोळून चोळून लाल केलीये," ती म्हणाली.

४

यानंतर बायको बरी व्हायला लागली.

आधी पाय सैल झाले, मग हात. डॉक्टरच्या गोळ्यांना सगळ्यांनी श्रेय दिलं, मीही देऊन पाहिलं. ती पलंगावर उठून बसू लागली, आणि बसल्या बसल्या तिने माझा जुना राखाडी स्वेटर उसवायला घेतला. कोपरांवर विरला होता. त्याच लोकरीचा नवा विणायचा बेत होता.

"गळ्यापासून का उसवतेस? खालून घे की," मी म्हणालो.

"कारण गळा शेवटी विणला होता." जबडा अजून पुरता सुटला नव्हता, त्यामुळे ती शब्द चावून बोलत होती. "शेवटी विणलेलं आधी सुटतं. खालून ओढलं तर नुसता गुंता होतो. एवढं शिकलात आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. धागा सुटत होता, ओळीमागून ओळ, आणि मला खोलीत कुणीतरी दार उघडं टाकल्यासारखं थंड वाटत होतं.

ताठरता माणसाला जबड्यापासून धरते आणि मग खाली पायांकडे जाते. सोडतानाही आधी जबडा सोडते, शेवटी पाय. हे कधी उलटं होत नाही. हिला मात्र पायांपासून धरलं होतं, आणि सोडलंही पायांपासूनच. जबडा शेवटी राहिला होता. आधी कुजण्याचा डाग, तो गेला. मग ताठरता, ती जात होती. दुसऱ्या दिवशी मी पाठीवर अंगठा दाबला तेव्हा जागा पांढरी झाली. डाग ताजे झाले होते. त्यानंतर ते ठिपक्याठिपक्यांनी विरले आणि पाठ पूर्वीसारखी गोरी झाली. डोळ्यांवरची साय गेली. अंगाला ऊब यायला लागली.

माझ्या बायकोला मरण आलेलं नव्हतं. ती त्याच्या पलीकडून त्याच्याकडे येत होती. प्रत्येक सकाळी थोडी अधिक ताजी.

मला ठाऊक आहे हे वाचायला कसं वाटतं. मला लिहायलाही तसंच वाटतं. हा सिद्धान्त एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर मी त्याला चहा पाजून सुट्टीवर पाठवलं असतं. पण सिद्धान्त चुकीचा असता तर पुढची खूण दिसायला नको होती.

५

पुढची खूण मानेवर दिसली.

मुलगी त्या दिवशी आईला न्हाऊ घालायला आली होती. दोघींचं हसणं न्हाणीघरातून ऐकू येत होतं. बायको टॉवेल गुंडाळून बाहेर आली, गाल लाल, डोळे स्वच्छ. असं रूप मी तिचं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मानेवर, कानाखाली, फिकट निळसर डाग. डावीकडे एक, जरा मोठा. उजवीकडे तीन.

नखाएवढे गोल डाग कशाचे असतात हे मला पुस्तकात पाहावं लागत नाही.

म्हणजे आतापर्यंत मला केव्हा ते कळत होतं. आता कसं तेही कळायला लागलं. समोरून, एका हाताने. अंगठा तिच्या डाव्या बाजूला आणि बोटं उजव्या बाजूला, म्हणजे हात डावा. चार बोटांच्या जागी तीनच खुणा.

मी माणसांचे हात पाहायला लागलो. मुलगी कप उजव्या हाताने उचलायची. वर्तमानपत्रवाल्याने बिल डाव्या हाताने दिलं, तेव्हा मी त्याला उगाच थांबवून दुसऱ्यांदा सही करायला लावली. केली उजव्या हाताने. डॉक्टर आला तेव्हा त्याचेही हात पाहिले. तो मात्र मानेकडे पाहत होता.

"बाई, हे कशाने झालं?"

"कशाने काय? या नव्या गाऊनची कॉलर घट्ट आहे. लेकीची निवड."

"माझ्यावर ढकल सगळं," मुलगी म्हणाली. ती हसत नव्हती.

डॉक्टरने आपल्या बोटांनी त्या खुणांमधलं अंतर हवेतच मोजलं. मग मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. दार लोटलं.

"सर, घरात कोण कोण असतं?"

हा प्रश्न मीच त्यांना शिकवला होता. मानेवर खुणा असल्या की पहिला प्रश्न तो. आवाज चढवायचा नाही, नजर वळवायची नाही, आणि उत्तर देणारा हात कुठे ठेवतो ते पाहायचं.

माझे हात मी खिशात घातले होते.

"आम्ही दोघंच," मी म्हणालो.

६

माझ्या डाव्या हाताची अनामिका वाकत नाही. उमेदवारीच्या काळात शवविच्छेदन करताना सुरी लागली, जखम चिघळली, बोट वाकवणारी कंडरा गेली. तेव्हापासून ते बोट सरळच असतं. काही धरलं की तीन बोटं वळतात आणि हे एक बाहेर राहतं. वर्गात मुलं त्याची नक्कल करायची.

न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून मी तो हात स्वतःच्या मानेवर ठेवला. आरशात अंगठ्याची जागा दिसली आणि तीन बोटांच्या जागा दिसल्या. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मग बाहेर आलो आणि मुलीला फोन केला.

"आईला तुझ्याकडे घेऊन जा."

"मीच म्हणणार होते," ती म्हणाली. "डॉक्टरांचा फोन आला होता."

"आजच."

"ऑफिसातून निघते. बाबा... मी येईपर्यंत तुम्ही दुसऱ्या खोलीत बसाल?"

पोटच्या मुलीने बापाला हे विचारावं. पण मला तिचा राग आला नाही. उलट कुणीतरी माझ्या बाजूने संशय घ्यायला आलं याचं बरं वाटलं.

मला तिचा गळा दाबावासा वाटत होता का? नाही. मी आत खोल जाऊन, प्रामाणिकपणे पाहिलं. राग नव्हता, कंटाळा नव्हता, तिच्या दुखण्याचा त्राससुद्धा नव्हता. पण मी जन्मभर ज्यांना तपासलं त्यांच्या घरच्या कित्येकांनी हेच सांगितलं होतं, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही होतं.

७

मी माझ्या अभ्यासाच्या खोलीत गेलो, आतून कडी लावली, आणि हातांत लोकरी मोजे चढवले. खुर्ची दाराकडे वळवून बसलो. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर आलं. बाहेर बायकोच्या चपलांचा आवाज होत होता. चपलांचा! ती चालत होती, काठीशिवाय.

"अहो, आत काय अंडी घालताय?"

"काम आहे."

"निवृत्त माणसाला कसलं काम? चहा केलाय मी. मी! उठून!"

"तिथेच ठेव. मुलगी येतेय, तिच्याबरोबर जा."

"ते कळलं मला. माझं सामान तुम्ही परस्पर बांधता होय?" आवाज दारापासून दूर गेला. मला वाटलं, रुसली. रुसू दे. रुसलेली माणसं जिवंत असतात.

मग माझ्या पाठीमागे काच वाजली.

या खोलीला गच्चीकडून दुसरं दार आहे. त्याची कडी कधीच नीट बसत नाही. या घरात आम्ही आल्यापासून बसत नाही, आणि हे मला माहीत होतं. मी ते कसं विसरलो? की विसरलो नव्हतो? यावर मी अजून पुष्कळ विचार करतो.

ती आत आली. हातात चहाचा कप, खांद्यावर त्या राखाडी लोकरीचा नवा स्वेटर, गळा तेवढा विणायचा राहिलेला. मानेवरच्या खुणा आता निळसर नव्हत्या. लाल होत्या, ताज्या, जणू नुकतंच कुणी बोट उचललं असावं.

"मोजे काय घातलेत घरात?" तिने कप ठेवला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. "बघू."

"नको. लांब बस."

"अहो, झालंय काय तुम्हाला? इतके दिवस मी आजारी होते तेव्हा सारखे चिकटून होता. आता बरी झाले तर लांब बस." तिचे डोळे भरून आले होते. स्वच्छ डोळे. "मला मरायला टाकलं नाहीत, ते आता टाकताय?"

तिने मोजा ओढून काढला. मी जोर लावला नाही. जोर लावायचीच मला भीती होती.

"बर्फ झालाय नुसता," ती म्हणाली, आणि माझा डावा हात तिने हनुवटीखाली, नेहमीच्या जागी धरला.

मान गरम होती. इतकी गरम की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा डाव्या खुणेवर बसला, तीन बोटं उजव्या खुणांवर, एक बाहेर. कुठेही कमीजास्त नाही. आणि बोटांखाली तिची नाडी लागली. डॉक्टर झाल्यापासून पहिल्यांदा मी कुणाची तरी नाडी पाहत होतो. ती छान चालली होती.

"असे हलके काय धरता?" ती म्हणाली. "दाबा जरा. ऊब लागायची कशी?"

ती हसत होती. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. मी हात मागे घ्यायला लागलो. थंडीने आखडलेली बोटं लवकर सुटत नाहीत, हे कुणीही डॉक्टर सांगेल. तिचं हसू तसंच होतं, फक्त आता ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघायचा प्रयत्न करत होती.

मी हात मागे घेत होतो. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी हेच सांगितलं आहे.

मुलीने काही विचारलं नाही. ती दाराची कडी बाहेरून हलवत राहिली. विचारलं ते डॉक्टरने. तो गच्चीच्या दाराने आला, खाली वाकला, माझ्या बायकोच्या डोळ्यांवरून त्याने हात फिरवला, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. आवाज चढवला नाही. नजर वळवली नाही.

"सर," तो म्हणाला, "घरात कोण कोण होतं?"